दत्तक किनारा

रविवार, ४ जानेवारी

एकवीस किलो! आज माझं पोतं सगळ्यांत जड भरलं. मास्तरांनी हुकाच्या काट्याला लावून दोनदा बघितलं, चष्मा पुसून तिसऱ्यांदा बघितलं, आणि वर्गात पहिला नंबर सांगावा तसा आकडा सांगितला. टाळ्या वाजल्या. कचरा उचलला म्हणून टाळ्या! मी लाजून वाळूकडे बघत राहिले, पण खरं सांगायचं तर — फार बरं वाटलं.

आम्ही चौदा जण आहोत. मास्तर चित्रकलेचे, आता निवृत्त. दर रविवारी किनारा साफ करायचं हे त्यांनीच सुरू केलं. दातांच्या डॉक्टरीणबाई सिगारेटचं थोटूकसुद्धा सोडत नाहीत, चिमट्यानं एकेक उपटतात. बँकेत नोकरी करणारा एक जण आहे, त्याला सगळे 'क्लिक' म्हणतात — एक बाटली उचलतो आणि तिचे दहा फोटो काढतो. बाकीचे येऊन-जाऊन.

साडेसहाला सुरू, नऊला संपतं. भरलेली पोती रस्ता संपतो तिथे रचायची, ढिगापुढे उभं राहून एक फोटो, आणि घर. सोमवारी पालिकेची गाडी ढीग घेऊन जाते. इतकं सोपं! लोक उगाच म्हणतात की एकट्यादुकट्यानं काही बदलत नाही.

घरी सांगितलंय, मैत्रिणीकडे जाते. बाबांना खरं माहीत आहे. आईला नाही. आई सोळा वर्षं बाजाररस्ता झाडतेय — रोजंदारीवर. तिला काय सांगू? तू पोटासाठी करतेस ते मी हौसेनं करते, असं?

मंगळवार, ६ जानेवारी

कळलं. बुटांनी चहाडी केली. आईनं ते दारात उलटे केले, तर पायरीवर वाळूचा ढिगारा.

"तुझी मैत्रीण काय पाण्यात राहते?"

सांगून टाकलं सगळं. पोतं, काटा, एकवीस किलो, टाळ्यासुद्धा. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पदवी कशात घेतलीस गं तू?"

"पर्यावरणशास्त्रात."

"म्हणजे कचऱ्यातच. मला विचारलं असतंस तर तीन वर्षं वाचली असती."

बाबा इस्त्री करता करता खो-खो हसले. मीही हसले. आई नाही हसली. बूट भिंतीला टेकवून ठेवत म्हणाली, "सोळा वर्षांत माझ्यासाठी एकदाही कुणी टाळी वाजवली नाही."

मग बाबा इस्त्री तशीच कपड्यावर सोडून टाळ्या वाजवायला लागले — जोरजोरात, उभे राहून. शेजारीण डोकावली, काय झालं म्हणून. "काही नाही, हिचा सत्कार चाललाय," बाबा म्हणाले. आई तेव्हा हसली. "गिऱ्हाइकाची बाही जळेल," म्हणाली.

पण ते वाक्य ती बोलून गेलीच. मला अजून ऐकू येतंय.

शनिवार, १० जानेवारी

मोठी बातमी! किनारा झाडणाऱ्या टोळीत चौघी आहेत, चौघीही कायम. त्यांतली सगळ्यांत वयस्क, जिला सगळे थोरली म्हणतात, ती मार्चअखेर निवृत्त होतेय. तिच्या जागेसाठी मुकादमानं आईचं नाव वर पाठवलं!

कायम झाली तर आजारपणाची रजा मिळेल. हजेरीवहीत नाव शाईनं येईल — रोजंदारीवाल्यांची नावं पेन्सिलीनं लिहितात आणि महिना संपला की खोडतात. आईचं नाव सोळा वर्षं असं लिहिलं-खोडलं जातंय. त्या पानाला भोक कसं पडलं नाही, कोण जाणे.

मी नाचायचीच बाकी होते. आई तांदूळ निवडत होती. "चारदा गेलंय माझं नाव वर. लठ्ठ आहे बिचारं. जिन्यातच दमून बसतं."

"या वेळी चढेल."

"चढेल तेव्हा चढेल. पाणी आण."

पण रेडिओ लागल्यावर ती गुणगुणत होती. मी ऐकलं.

रविवार, १८ जानेवारी

आज मास्तरांनी मोठा विचार मांडला: किनारा दत्तक घ्यायचा! पालिकेकडे अर्ज करायचा की हा किनारा आमच्या गटाकडे सोपवा. मग रविवारीच नाही, आठवड्यातून तीनदा यायचं. रस्ता संपतो तिथे गटाचा फलक लागेल. फलक मास्तर स्वतः रंगवणार.

चिटणीस कोण? सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अक्षर चांगलं आणि पदवीधर! क्लिक म्हणाला, "अर्ज असा लिही की साहेबाला नाही म्हणताच येऊ नये."

दुपारी शाळेची प्रयोगशाळा उघडी होती (तिथे मी साहाय्यक आहे, हंगामी), तिथल्या लांब टेबलावर बसून तीनदा लिहिला. शेवटचा परिच्छेद मला फारच आवडलाय. त्यात आहे: 'आमच्या उपक्रमामुळे पालिकेस या किनाऱ्यासाठी वेगळे मनुष्यबळ खर्च करावे लागणार नाही.' किती नेमकं बसलं! मास्तरांना फोनवर वाचून दाखवला. "वा! शिकलेलं माणूस दिसतं," म्हणाले.

सोमवार, १९ जानेवारी

आई आज दीड तास उशिरा आली. मनगटाला तेल चोळत बसली होती. विचारलं तर म्हणाली, "थंडी."

रविवार, १ फेब्रुवारी

चोवीस किलो! माझाच आधीचा विक्रम मोडला. क्लिकनं मला पोत्याशेजारी उभं करून फोटो काढला — मी आणि पोतं, दोघांचीही उंची दिसेल असा. आता सगळे चढाओढीनं भरतात. डॉक्टरीणबाई तेवीसवर अडकल्या आणि खरंच हिरमुसल्या.

सोमवार, २ फेब्रुवारी

कुठून सुरू करू?

काटा काल कठड्यावर विसरला होता. शाळा अकराची, म्हणून साडेसातला आणायला गेले. गाडी यायची होती. ढिगातली दोन पोती कुत्र्यांनी फाडलेली, लहान मुलांचे लंगोट रस्ताभर. टोळीतल्या बायका पोती ओढत हातगाडीपर्यंत नेत होत्या. चौघी असतात. आज पाच दिसल्या.

पाचवी आई होती.

पाठमोरी चालत एक पोतं ओढत होती. तोंड लाल सुतळीनं बांधलेलं. लाल सुतळी मी बांधते. हातगाडीपासून दहा पावलांवर ते पोतं खालून उसवलं आणि आतलं सगळं बाहेर आलं — वाळू! ओली, काळी, जड वाळू. तिच्यात तीन बाटल्या, एक चप्पल, जाळ्याचा एक गोळा. बस. एवढाच माझा चोवीस किलो कचरा.

थोरली कमरेवर हात ठेवून म्हणाली, "हे लोक कचरा उचलायला येतात का वाळू चोरायला?"

दुसरी म्हणाली, "हौशी आहेत गं. वजन करतात म्हणे पोत्यांचं. बाळ झाल्यासारखं!"

सगळ्या हसल्या. आईही हसत होती, आणि हसता हसता तिनं मला बघितलं. हाक नाही मारली. ओळख नसल्यासारखी मान फिरवली. माझ्यासाठी की स्वतःसाठी, मला अजून कळत नाही.

मी जाऊन त्या फाटक्या पोत्याचा दुसरा कोपरा धरला. थोरलीनं विचारलं, "ही कोण?"

"माझी," आई म्हणाली. मग थोडं थांबून — "ग्रॅज्युएट आहे."

"मग सांग तिला, समुद्राची वाळू समुद्रावर ठेवतात."

बाजाररस्त्यापर्यंत तिच्याबरोबर गेले, तेव्हा कळलं: जागा तुझीच व्हायची आहे, हात बसू दे, म्हणून मुकादम आईला दर सोमवारी किनाऱ्यावर धाडतो. जानेवारीपासून. आधी आमची पोती, मग तिचा रोजचा बाजाररस्ता. मी विचारलं, का नाही सांगितलंस?

"काय सांगू? तुझ्या टाळ्या माझ्या पाठीवरून जातात म्हणून?"

मंगळवार, ३ फेब्रुवारी

काल दुसऱ्या एका पोत्यातलं थोडं बादलीत घेतलं होतं. आज प्रयोगशाळेत ओलं असताना तोललं, वाळवून-चाळून पुन्हा तोललं. हिशेब केला तर चोवीस किलोच्या पोत्यात कचरा भरतो पावणेसात किलो. बाकी वाळू आणि पाणी. मुलांना आठवड्याला एकदा मी सांगते, मोजण्याआधी नमुना कोरडा करा! आणि स्वतः महिनाभर समुद्र तोलत बसले.

घरी आल्यावर आईला म्हटलं, मला शिकव. तिला वाटलं मी लाडीगोडी लावतेय. मग माझा चेहरा बघून उठली, कोळशाचं रिकामं पोतं आणलं, आणि स्वयंपाकघराच्या मधोमध शाळा भरली.

"भरायचं किती? माझ्या गुडघ्यापर्यंत. कंबरेपर्यंत नाही. माणसानं उचलायचंय, यंत्रानं नाही."

"तोंड आवळून बांधू नको. दोन्हीकडे कान सोड. कान नसले तर धरायचं कुठं, तुझ्या पदवीला?"

"जाळं रुतलेलं असलं तर ओढू नको. दिसतं तेवढं काप. ओढलंस की मणभर वाळू बरोबर येते."

"काचा पोत्यात नाही. डब्यात. माझ्या पोटरीवर बघ ही खूण."

ती खूण मी लहानपणापासून बघतेय. कशाची, ते कधी विचारलं नव्हतं.

बाबा दारात उभे राहून म्हणाले, "बाई, मीपण बसू का वर्गात?" "तुम्ही नापास," आई म्हणाली. रॉकेलचा डबा आणि कांद्यांची टोपली घेऊन तिनं वारा कुठून आणि चालायचं कुठून तेसुद्धा दाखवलं. वारा पाठीशी ठेवायचा, नाहीतर पिशव्या आपल्यालाच पळवतात. उचललेलं आधी कोरड्या वाळूवर ओळीनं टाकायचं. तासभर ऊन खाऊ दे. मग झटकायचं. मग भरायचं.

इतकं सगळं तिला येतं, आणि मला वाटत होतं झाडायला काय लागतं!

रविवार, ८ फेब्रुवारी

गटाला सांगितलं. माझी आई कोण, पोती कोण उचलतं, पावणेसात किलो — सगळं. आजपासून काटा बंद.

क्लिक म्हणाला, "मग मोजायचं काय?"

डॉक्टरीणबाई लाल झाल्या. चिमटा खाली ठेवून म्हणाल्या, "मी तर पोती मुद्दाम ओलीच भरत होते. आकडा तेवीसच्या पुढे जाईना म्हणून." आणि आम्ही सगळे पोट धरून हसलो. काय माणसं आहोत आम्ही!

मास्तरांनी काटा पिशवीत घातला. थोडे खट्टू झाले. पण पहिलं पोतं त्यांनीच गुडघ्याला लावून मोजलं.

रविवार, १५ फेब्रुवारी

आई आली!

मी बोलावलं नव्हतं. आठवड्याची तिची तेवढी एकच सुट्टी. मी निघाले तर चपला घालून दारात उभी. "बघून येते. तू घरात शिकतेस आणि बाहेर विसरतेस."

आधी कठड्यावर बसली. पाच मिनिटंसुद्धा नाही बसवलं तिला. उठली आणि सुरू झाली — "अहो डॉक्टरीणबाई, कंबरेतून नका वाकू, रात्री आठवण येईल! गुडघे वाकवा." "मास्तर, ते शेवाळ राहू द्या. ते समुद्राचं आहे, आपण नाही टाकलं." क्लिकला म्हणाली, "भाऊ, फोटो मागाहून. पोतं पळून चाललंय." खरंच चाललं होतं! वाऱ्यानं.

मास्तर तिच्यामागे वही घेऊन फिरत होते, विद्यार्थ्यासारखे. "ताई, दोरीचा गुंता आला तर?" "गुंता सोडवत बसायचं नाही. तो घरचा नाही."

चौदा जणांनी मिळून एकवीस पोती भरली. सगळी कानवाली, सगळी हलकी. एका हातानं उचलता येणारी! आईनं शेवटी ढिगावरून नजर फिरवली आणि म्हणाली, "चालेल."

तिचं 'चालेल' म्हणजे काय ते मला आणि बाबांनाच कळतं.

परतताना ती माझ्या पुढे चालत होती. पाठ ताठ. मला वाटलं, कुणीतरी टाळ्या वाजवाव्यात. मग वाटलं, नको. हेच बरं.

बुधवार, २५ फेब्रुवारी

थोरलीचा निरोप: "पोरीला सांग, परवा तिचं पोतं जड समजून जोरात उचललं आणि मी मागेच पडले असते." आईनं निरोप दोनदा सांगितला.

सोमवारी ती आता वेळेवर घरी येते.

गुरुवार, ५ मार्च

मंजूर! पालिकेतून फोन आला — किनारा दत्तक द्यायला साहेब तयार आहेत. उद्या चिटणिसानं येऊन करारावर सही करायची. म्हणजे मी! मास्तरांचा फलक तयार आहे, निळ्यावर पांढरी अक्षरं, खाली एक लाट. दहा दिवस रंगवत होते.

बाबा म्हणाले, "ग्रॅज्युएटबाई, सही नीट करा, पुढं दाखवायला लागेल."

शुक्रवार, ६ मार्च

सही केली नाही.

टेबलापलीकडचे कारकून चांगले होते. खुर्ची दिली, पेन दिलं. कराराचं दुसरं पान उलटून दाखवलं — "आणि हे तुमच्यामुळे सोपं झालं बघा. किनारा तुमच्याकडे आला की टोळीचं तिथे काम नाही. तिघींना बाजारात हलवतोय, आणि मार्चमध्ये रिकामी होणारी जागा रद्द. साहेब म्हणाले, एवढा मुद्देसूद अर्ज पहिल्यांदाच पाहिला."

माझीच ओळ होती. अवतरणचिन्हांत. 'वेगळे मनुष्यबळ खर्च करावे लागणार नाही.'

मनुष्यबळ लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे एकही माणूस नव्हता. आठ दिवस आधी घरात त्याच जागेसाठी नाचायची बाकी होते मी! तरी दिसलं नाही. शब्द छान बसला, एवढंच दिसलं.

"मास्तरांना विचारून येते," म्हटलं आणि उठले. पेन त्यांचं होतं, ते हातातच राहिलं. जिन्यात आठवलं. परत जाऊन दिलं.

शनिवार, ७ मार्च

आईला सांगितलं. ती वाळलेले कपडे घड्या घालत होती. सगळं सांगून होईपर्यंत एकही घडी चुकली नाही.

"वाच ती ओळ."

वाचली.

"छान लिहिलंयस." खरंच म्हणाली, टोमणा नव्हता. "म्हणजे या वेळी जिना चढलं होतं माझं नाव. वरून कुणीतरी ढकललं, एवढंच."

मी रडायला लागले. तिनं हातातला टॉवेलच माझ्याकडे फेकला. "रडू नको. सही कर जा. किनारा चांगला राहील तुमच्या हातात. मला काय, बाजार आहेच. पेन्सिल आहेच."

मला तिच्या शिव्या परवडल्या असत्या. बाबा आज काहीच विनोद करत नाहीत.

रविवार, ८ मार्च

काम झाल्यावर सगळ्यांना कठड्यावर बसवलं आणि सांगितलं: मी सही करणार नाही, तुम्हीही करू नका. अर्ज माझा होता, चूक माझी.

मास्तर फलक घेऊन आले होते, दाखवायला. तो मांडीवर ठेवून बसले. "अगं, पण आपण काही वाईट करत नाही आहोत. फुकट काम करतोय, मनापासून."

"हो ना मास्तर. फुकट आहे म्हणूनच."

क्लिक म्हणाला, आपण नाही म्हटलं तर साहेब दुसऱ्या गटाला देतील. खरं आहे. कुणी म्हणालं, रविवारी येत राहू, करार नको. पण साहेबांना किनारा स्वच्छच दिसत राहणार, आणि जागा नको असंच ते म्हणणार. हेही खरं.

मग डॉक्टरीणबाई बोलल्या. "माझ्याकडे लोक दुखणं थांबायची गोळी घेऊन जातात. थांबलं की फिरकत नाहीत. आत दात किडत राहतो. आपण ती गोळी आहोत. काही दिवस गोळी बंद करू. दुखू दे साहेबांना."

"म्हणजे?" मास्तर म्हणाले.

"म्हणजे यायचं नाही."

मास्तर उठले, फलक काखेत धरला आणि चालू पडले. थोडं जाऊन वळून ओरडले, "किती रविवार?"

घरी आईला सांगितलं. "म्हणजे तेवढा कचरा आमच्याच अंगावर!"

"हो."

"बरं," म्हणाली. आणि मग, "उपाशी असशील, जेवून घे."

बुधवार, ११ मार्च

अर्ज मागे घ्यायला गेले. कारकून गोंधळले. "मागे? अर्ज मागे घ्यायचा नमुना नाहीये हो आमच्याकडे. आजवर कुणी घेतलाच नाही."

साध्या कागदावर चार ओळी लिहिल्या. किनाऱ्याची टोळी आहे तशी ठेवा, रिकामी जागा भरा, मग आम्ही तिच्या हाताखाली येऊ. एकही शब्द छान नव्हता. खाली सगळ्यांच्या सह्या. मास्तरांची सर्वांत मोठी.

साहेब २३ तारखेला, सोमवारी, फलकाची जागा बघायला किनाऱ्यावर जाणार होते, तो दौरा म्हणे ठरलेला आहे, बदलत नाही. मी म्हटलं, येऊ देत की.

रविवार, १५ मार्च

गेलो नाही. साडेपाचलाच जाग आली. हातांना काय सांगायचं कळेना. शेवटी बाबांच्या इस्त्रीच्या दुकानातले सगळे हँगर पुसले.

रविवार, २२ मार्च

नुसतं बघायला गेले. कठड्यावर डॉक्टरीणबाई आधीच बसलेल्या. पाच मिनिटांनी क्लिक आला, मग मास्तर. कुणी कुणाला बोलावलं नव्हतं.

काल-परवा उधाणाची भरती होती. कठड्यापासून खडकांपर्यंत बाटल्या, थर्माकोल, जाळ्या, चपला — पट्टाच्या पट्टा. काल संध्याकाळच्या सहलवाल्यांच्या पिशव्या वेगळ्या. एक निळी बाटली लाटेबरोबर आत जायची, बाहेर यायची. मी हात मांडीखाली दाबून बसले. ती गेली एकदाची आत. फार वाईट वाटलं. डॉक्टरीणबाईंच्या बोटांत चिमटा नसूनही चिमटा चालू होता.

"एकच उचलू का?" मास्तरांनी विचारलं.

"एकही नाही," आम्ही तिघं म्हणालो.

मग क्लिकनं बिस्किटं काढली. रिकामा कागद त्यानं चार घड्या घालून खिशात ठेवला. ऊन छान होतं. कितीतरी वेळ बसलो. या तिघांबरोबर काहीही न करता बसायला इतकं बरं वाटेल, असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २३ मार्च

आई तीन तास उशिरा आली. पायरीवरच बसली. पाणी दिलं, घटाघटा प्यायली आणि म्हणाली, "साहेब आले होते. दहा पावलं चालले आणि थांबले. पाय ठेवायला जागा नाही! मुकादमाला म्हणाले, हे चौघींकडून कसं व्हायचं? सहा जागा लिहून पाठव."

मी उडीच मारणार होते.

"नाचू नको. नुसतं लिहून पाठवलंय." मग चपला काढता काढता म्हणाली, "मास्तरांना सांग, अजून दोन रविवार घरात झोपा म्हणावं. किनाऱ्यावर फिरकलात तर याद राखा."